दोनशे छप्पन्न कवी

कुठं कवी म्हणून माझी ओळख करून दिली की मला जरा ओशाळल्यासारखं होतं. गावात मला लोक झेरॉक्सवाला म्हणून ओळखतात आणि ती ओळख जास्त खरी आहे. अंबाजोगाईत तहसील कार्यालयासमोर माझं दुकान आहे. सातबारा, रेशनकार्ड, जातीचा दाखला, शपथपत्र, लग्नपत्रिका... माणसाच्या आयुष्यातला बहुतेक प्रत्येक कागद कधी ना कधी माझ्या काचेवर पालथा पडतो. त्यात अधूनमधून कविताही असतात.

अलीकडे मला तालुक्या-तालुक्यांतून फोन येतात. 'भाई, आम्हालाही लिहिणाऱ्यांचा ग्रुप काढायचाय. तुमचा एवढा मोठा झाला होता. कसा वाढवायचा ते सांगा.' कसा वाढवायचा ते मला चांगलं ठाऊक आहे. मी तो वाढवला होता. आज त्याचीच हकीकत सांगणार आहे, आणि ती सगळीच काही माझ्या कौतुकाची नाही.

सुरुवात एका बाकड्यापासून झाली. दुकानाबाहेर गिऱ्हाइकांना बसायला मी एक लाकडी बाकडं टाकलं होतं. ही गोष्ट २००३ सालची. दोन प्रकारची माणसं तिथं बसत. एक, तहसीलदारांची सही व्हायची वाट पाहणारी. दुसरी, कविता घेऊन आलेली. दिवाळी अंकांना कविता पाठवायची तर मूळ प्रत आपल्याजवळ ठेवून झेरॉक्स पाठवावी, असा तेव्हा रिवाज होता. मी काच उघडायचो, कागद ठेवायचो आणि ठेवता ठेवता वाचायचो. धंद्याच्या दृष्टीनं हे बरोबर नव्हे, पण डोळ्यांना कोण अडवणार? एकदा एका एसटी कंडक्टरचा कागद होता. वाचून मी न राहवून म्हणालो, ''साहेब, तिसऱ्या कडव्यात बस कुठं गेली ते कळलं नाही.'' त्यांनी माझ्याकडं रागानं पाहिलं, कागद परत घेतला, बाकड्यावर बसले, पंधरा मिनिटांनी उठले आणि म्हणाले, ''खरंय. बस राहिलीच की.'' पुढच्या रविवारी ते परत आले, सोबत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका गुरुजींना घेऊन.

रविवारी तहसील बंद, म्हणून दुकान अर्धं उघडं. तीच आमची वेळ ठरून गेली. मंडळाला नाव नव्हतं, नोंदणी नव्हती, अध्यक्ष नव्हता. बाकड्यावर पाच जण बसत, दोघं पायरीवर. त्याहून जास्त आले तर रस्त्यावर उभं राहावं लागे आणि रिक्षावाले ओरडत. आमची सदस्यसंख्या रिक्षावाल्यांनी ठरवली, असं म्हणायला हरकत नाही. पद्धत अशी: ज्याची कविता असेल त्यानं ती दोनदा वाचायची. मी कागदाच्या कोऱ्या बाजूला सगळ्यांना प्रती काढून द्यायचो. वाया गेलेले कागद दुकानात भरपूर. मग कवीनं गप्प बसायचं. 'मला असं म्हणायचं होतं' हे वाक्य तोंडातून निघालं की चहाचे पैसे त्याच्याकडं. बाकीच्यांनी फक्त एवढं सांगायचं की आपण कुठं अडलो. हा नियम कुणी एकदा बसून केला नाही. कंडक्टरच्या बसपासून तो आपोआप पडत गेला.

माझ्या अब्बांना हे सगळं विचित्र वाटे. ते शिंपी होते. आमच्या घरात दखनी बोलली जाते आणि मी शिकलो मराठी शाळेत. बीए केलं तेही मराठी घेऊन. ''मराठी में लिखता, तो पढता कौन रे तेरा?'' असं ते विचारायचे. टोमणा नव्हता तो, खरोखरीचा प्रश्न होता. उर्दू मुशायऱ्यात कवीला दाद देणारी शंभर माणसं त्यांनी पाहिली होती. मराठीत माझ्या मागं कोण उभं आहे, हे त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांना श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं नाव सांगायचो, 'योगसंग्राम' सांगायचो, शाहीर अमर शेखांचं नाव सांगायचो. सोलापुरात १९९० साली मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्याची बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, ''अच्छा है. मगर तेरे गाँव में कौन?'' त्या प्रश्नाचं उत्तर मला तेरा वर्षांनी, बाकड्याच्या रूपानं मिळालं. अंबाजोगाईत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, कापडावर ग्रंथ लिहिणारे दासोपंत इथलेच, आणि निजामाच्या काळात याच गावाचं नाव मोमिनाबाद होतं. अशा गावात मी मराठीत लिहितो याचं कुणाला नवल वाटायचं कारण नाही, असं मी मनाशी म्हणत असे. अब्बांना ते शेवटपर्यंत पटलं की नाही, कुणास ठाऊक. पण रविवारी बाकड्याकडं चहाची किटली घेऊन पोऱ्या जायला निघाला की ते आतून ओरडून सांगत, ''दो कप बढा दे.''

लिहिणाऱ्यांनी असं एकत्र जमणं काही आमच्यापासून सुरू झालं नाही. मराठीतलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण पुण्याच्या रविकिरण मंडळाचं. १९२३ साली ते स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर अशी ही मंडळी. रविवारी चहाला जमायचं आणि एकमेकांच्या कविता ऐकायच्या, एवढ्या साध्या गोष्टीतून ते उभं राहिलं. त्याच वर्षी 'किरण' हे त्यांचं पहिलं पुस्तक निघालं. पुढं त्यांनी काव्यगायनाचे जाहीर कार्यक्रम केले, कविता पुस्तकातून उठून सभागृहात आली, लोकांना वेड लागलं. मला या मंडळींमध्ये माधव जूलियनांबद्दल विशेष आपुलकी आहे. हा माणूस फार्सीचा पंडित. १९२५ साली त्यांचा फार्सी-मराठी कोश निघाला. गझल मराठीत रुजवायची म्हणून त्यांनी केवढा खटाटोप केला. आमच्या घरात ज्या शब्दांचा रोज वापर होतो, त्यांचं मराठीतलं मूळ-कूळ मला एका पटवर्धनांच्या कोशात सापडलं, याची गंमत मी अब्बांना सांगितली होती.

पण याच मंडळाच्या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. लोकप्रियता वाढली तशी एक ठरावीक पद्धत तयार झाली. तेच सूर, तेच उसासे. आणि १९२५ मध्ये आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं 'झेंडूची फुलं' लिहून त्या साऱ्याची अशी काही टिंगल केली की महाराष्ट्र हसत सुटला. विडंबन होतं म्हणजे काहीतरी मोठं झालंय हे खरं. पण मला नेहमी वाटतं, ज्या खोलीत सातआठ जण एकमेकांना ऐकतात तिथं उसासा लगेच पकडला जातो. टाळ्या वाजवणारं सभागृह तो पकडत नाही. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, तरी व्हायचं ते झालंच.

आमचं बाकडं बारा-तेरा वर्षं तसंच चाललं. मध्यंतरी दुकानात संगणक आला. मी डीटीपी शिकलो. श्रीलिपीच्या फॉण्टमध्ये कविता टाइप करून ई-मेलनं पाठवली की समोरच्याच्या संगणकावर ती किडे-मुंग्यांसारखी उमटायची. मग त्यानं फोन करून विचारायचं, भाई, हे काय पाठवलंत? युनिकोड आलं आणि हा ताप संपला. मोबाइलवर सरळ मराठी उमटू लागली. २०१६ मध्ये आम्ही व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप केला. एकोणीस जण होते. बदलून गेलेले एक ग्रामसेवक, लग्न होऊन सोलापूरला गेलेली एक मुलगी, पुण्यात कंपनीत लागलेला एक पोरगा. बाकड्यावर बसलेले आणि बाकड्यापासून लांब गेलेले असे सगळे त्यात आले. रविवारी आम्ही बाकड्यावर बसायचो आणि बोललेलं त्यांना कळवायचो. इथपर्यंत सगळं छान होतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. तहसील बंद, दुकान बंद, बाकडं उलटं करून आत ठेवलं. आणि ग्रुप वाढू लागला. दिवसाला दहा, पंधरा. लोक घरात कोंडले होते, प्रत्येकाच्या आत काहीतरी साचलं होतं. मला आजही त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांचा अभिमान वाटतो. आमच्या जिल्ह्यातली माणसं दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात हे तुम्हाला माहीत आहे. त्या वर्षी कित्येक जण तिकडंच अडकले. त्यातला एक विशीतला मुलगा फडावरच्या कोपीतून कविता पाठवायचा. कारखान्याच्या पाण्याच्या टाकीजवळ फोन चार्ज व्हायचा म्हणून त्याच्या कविता नेहमी रात्री आठच्या सुमारास यायच्या. केजजवळच्या एका खेड्यातून एक नातू आपल्या आजीच्या आवाजातल्या ओव्या रेकॉर्ड करून टाकायचा. तिला लिहिता येत नव्हतं. मस्कतला गवंडीकाम करणारा आमच्या गावचा एक जण होता, तो फक्त पावसावर लिहायचा. ही माणसं बाकड्यावर कधीच आली नसती. बाकडं अंबाजोगाईत होतं आणि रविवारी होतं, हा त्याचा दोष होताच. तेव्हा जे कुणी म्हणतात की हे मोबाइलवरचं साहित्य म्हणजे सगळा कचरा, त्यांच्याशी मी सहमत नाही.

एक प्रसंग सांगतो. त्या एप्रिलचा आहे. दिल्लीतल्या तबलिगी जमातीच्या बातम्यांनंतर मुसलमान फळवाले, भाजीवाले मुद्दाम रोग पसरवतात, अशा अफवांचे व्हिडिओ फिरत होते. आमच्या गावातही हातगाडीवाल्यांना नाव विचारून परत पाठवलं जात होतं. पुढं ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशातून आलेल्या तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेलं असं निकालात म्हटलं. पण ऑगस्ट यायला अवकाश होता. एका रात्री आमच्या ग्रुपवर तसलाच एक व्हिडिओ आला. टाकणारे गृहस्थ चांगले होते, माझ्याकडून लग्नपत्रिका छापून नेलेले. बहुधा न पाहताच पुढं ढकलला असावा. मी ग्रुपचा प्रमुख. तेव्हा प्रमुखाला दुसऱ्याचा मजकूर पुसता येत नसे, माणसालाच काढावं लागे. मी काढलं तर 'भाईंना लागलं' असं होणार. नाही काढलं तर उद्या दहा येणार. हातात फोन धरून मी बसून राहिलो. जवळजवळ तासभर कुणी काही बोललं नाही. तो तास मी विसरलेलो नाही. मग कंडक्टरसाहेबांचा मजकूर आला: ''ही कविता आहे का? असेल तर कुणाची? मला दुसऱ्या मिनिटाला अडायला झालं, हातगाडी कुठल्या गावची ते कळलं नाही.'' बाकड्यावरची भाषा होती ती. पाठोपाठ गुरुजींनी विचारलं, गाव कोणतं? पुण्याच्या पोरानं विचारलं, तारीख कोणती? दहा मिनिटांत त्या गृहस्थांनी तो व्हिडिओ स्वतःच पुसला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. काय बोललो ते सांगत नाही. आम्ही दोघंही फार वेळ हवापाण्यावरच बोलत होतो.

तोवर ग्रुप लहान होता, सत्तर-ऐंशींचा. पावसाळा संपेपर्यंत २५६ झाला. त्या काळी एका ग्रुपात २५६ च माणसं मावत. ही मर्यादा नंतर, २०२२ मध्ये वाढली. मला वाटलं, आपण शिखरावर पोचलो. बाहेर थांबलेल्यांची यादी मी वहीत लिहून ठेवायचो, जशी रेशनच्या दुकानात ठेवतात तशी. दिवसाला चाळीस-पन्नास कविता पडत. कोण वाचणार? वाचणं थांबलं आणि दाद सुरू झाली. 'वा!', 'अप्रतिम!', 'क्या बात है!', टाळ्यांची चित्रं, गुलाबाची चित्रं. तू माझ्या कवितेला गुलाब दिलास, मी तुझ्या कवितेला देतो. लग्नातल्या आहेरासारखं, कुणी किती दिला याची लोक मनात नोंद ठेवत. एक बाई माझ्यावर रुसल्या, का तर मी त्यांच्या गझलेला नुसता अंगठा दाखवला, टाळ्या दिल्या नाहीत.

मग स्पर्धा आल्या. दर महिन्याला एक विषय, परीक्षक, गुण, आणि विजेत्यांना सन्मानपत्र. ही कल्पना माझी. डीटीपीवाला माणूस मी. नक्षीदार चौकट, वर सरस्वती, खाली दौत-टाक, मध्ये सोनेरी अक्षरांत नाव, हे मला डोळे मिटून येतं. पहिला, दुसरा, तिसरा, आणि नाराजी नको म्हणून उत्तेजनार्थ दहा. लोक ते सन्मानपत्र आपल्या फोटोच्या जागी लावत. त्यातून पुढं सामूहिक काव्यसंग्रह निघाला. प्रत्येकी पाचशे रुपये, दोन पानं, तीन प्रती. कविता निवडायचा प्रश्नच नव्हता, पैसे आले की कविता आली. छपाईचं काम माझ्याकडं. टाळेबंदीत दुकान बंद असताना माझं घर त्या पैशांवर चाललं, हेही सांगून टाकतो. कंडक्टरसाहेब एकदा म्हणाले, ''भाई, आता अडायला कुणालाच होत नाही का?'' मी हसून विषय बदलला.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. आमच्या गावात रुग्णवाहिकांचा आवाज रात्रभर असायचा. ग्रुपवर त्या महिन्याचा विषय होता 'नातं'. एका रात्री अकराच्या पुढं एका ताईंनी चौदा ओळी टाकल्या. त्या अंगणवाडी सेविका होत्या, धारूर तालुक्यातल्या. ग्रुपवर वर्षभर होत्या, फारसं लिहीत नसत. त्या ओळी भावाला उद्देशून होत्या. त्याचा नंबर फोनमधून काढायचा की ठेवायचा, असं काहीसं त्यात होतं. स्पर्धेसाठी असं त्यांनी कुठंही लिहिलं नव्हतं. मी मात्र ती कविता स्पर्धेत धरली. चाळिसाच्या वर लोकांनी गुलाब दिले. 'भावस्पर्शी रचना, ताई', 'डोळे पाणावले', 'पुढील लेखनास शुभेच्छा'. मीही 'वा' म्हणालो. दोन्ही अंगठ्यांनी, मसाला दळायच्या गिरणीसमोर रांगेत उभा असताना. परीक्षकांनी पन्नासपैकी एकतीस गुण दिले आणि शेरा लिहिला, शेवट अधिक प्रभावी हवा होता. मी त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत टाइप केलं आणि उत्तेजनार्थ सन्मानपत्र ग्रुपवर टाकलं. हार्दिक अभिनंदन. आठवड्याभरात त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. माझ्या वहीतल्या यादीतला पुढचा माणूस मी आत घेतला. का गेल्या, असं विचारायचं मला सुचलंही नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोविडनं गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपयांच्या मदतीचे अर्ज सुरू झाले. दुकानासमोर रांग लागली. मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, प्रत्येकाच्या दोन दोन प्रती. एसटीचा संप चालू होता, माणसं जीपगाड्यांत कोंबून यायची. एक दिवस दोन बाया आल्या. एक तिशीची, पांढऱ्या कपाळाची, आणि तिच्याबरोबर तिची नणंद. मी दाखला काचेवर ठेवला. सवयीनं वाचला. आडनाव ओळखीचं वाटलं. मग तारीख पाहिली. मी वर पाहिलं. मास्क होता, पण ग्रुपवरच्या फोटोतलं कपाळ आणि डोळे मला ओळखू आले.

घरी जाऊन मी फोन काढून तारखा ताडून पाहिल्या. भाऊ गेल्याच्या दुसऱ्या रात्री त्यांनी त्या ओळी लिहिल्या होत्या. पण हे नंतरचं. दुकानात उभ्या उभ्या मी एवढंच विचारलं, ''ताई, तुम्ही आमच्या ग्रुपवर होतात ना?''

''होते की.''

''ती कविता...''

त्या थोडं थांबल्या. म्हणाल्या, ''भाई, ते सर्टिफिकेट तुम्हीच केलं होतं का? नाव मात्र बरोबर लिहिलं होतं. आमचं नाव सगळे चुकवतात.''

त्यांच्या बोलण्यात खोच होती का, याचा मी फार विचार केला आहे. नसावी. तेच जास्त लागलं. मी पैसे नको म्हणालो. त्यांनी बारा रुपये मोजून काउंटरवर ठेवले. ''घ्या भाई, तुमचा धंदा आहे,'' म्हणाल्या आणि भावजयीला घेऊन तहसीलच्या फाटकाकडं गेल्या.

मी काही महात्मा नाही. दुसऱ्याच दिवशी सगळं बदललं असं झालं नाही. जानेवारीचा विषय जाहीर झालेला होता, सन्मानपत्राची चौकट तयार होती. मी टाळत राहिलो. शेवटी ही हकीकत गुरुजींना आणि कंडक्टरसाहेबांना सांगितली. कंडक्टरसाहेब संपात होते, रिकामे होते, रोज दुकानात येऊन बसायचे. ते म्हणाले, ''बाकडं बाहेर काढा आधी.'' आम्ही दोघांनी ते उचलून बाहेर आणलं. एका पायाला वाळवी लागली होती. विटेचा तुकडा लावून टेकवलं.

ग्रुपवर मी लिहिलं की स्पर्धा बंद, सन्मानपत्रं बंद, पैसे घेऊन संग्रह बंद. आठवड्याला दहाच कविता. आणि ज्याला स्वतःची कविता टाकायची आहे त्यानं आधी दुसऱ्याच्या एका कवितेबद्दल, आपण कुठं अडलो, हे विचारायचं. 'वा' लिहायला मनाई. यावर जो गदारोळ झाला तो काय सांगू! ''भाई, वा म्हणायलाही बंदी? ही कुठली आणीबाणी?'' एका प्राध्यापक मित्रांनी तर लांबलचक पत्रच लिहिलं की ग्रामीण माणसाला प्रोत्साहनाची गरज असते, तुम्ही त्याचा गळा घोटताय. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला कुणीतरी पाठीवर हात ठेवावा लागतो. मी स्वतः गुरुजींच्या एका 'हं'वर वर्षभर लिहीत होतो. पण 'हं' म्हणायच्या आधी गुरुजी कविता वाचायचे.

त्या प्राध्यापकांनी वेगळा ग्रुप काढला. महिन्याभरात आमचे शंभरावर लोक तिकडं गेले. पुढं मर्यादा वाढल्यावर त्यांचा आकडा आणखी फुगला. तिथं स्पर्धा चालतात, सन्मानपत्रंही दिली जातात. ती छापायला माझ्याच दुकानात येतात आणि मी छापून देतो. धंदा धंद्याच्या जागी. नाव मात्र दोनदा तपासतो.

आमच्याकडं आता साठ-पासष्ट जण आहेत. सगळं सुरळीत आहे असं समजू नका. अडल्याचा प्रश्न विचारायची सक्ती केली तर लोकांनी त्यातूनही वाट काढली. एक महाशय प्रत्येकाला 'ही कविता आपणास कधी सुचली?' एवढंच विचारून आपली कविता टाकून मोकळे होतात. उसाच्या फडावरचा तो मुलगा आता मुकादमाकडं हिशेब लिहितो आणि कविता कमी लिहितो. मस्कतचा गवंडी परत आला. गावात आल्यापासून त्यानं पावसावर एक ओळ लिहिलेली नाही. आजी गेल्या. त्यांच्या ओव्यांचे चाळीसेक आवाज माझ्या फोनमध्ये होते, ते मी तीन ठिकाणी जपून ठेवले आहेत.

त्या ताईंना मी परत ग्रुपमध्ये या असं एकदाच म्हणालो. त्या नको म्हणाल्या. एसटी सुरू झाल्यावर, २०२२ च्या उन्हाळ्यात, एक दिवस कंडक्टरसाहेब दुकानात आले आणि त्यांनी तिकिटाच्या मशीनच्या पिशवीतून घडी घातलेला एक वहीचा कागद काढला. धारूरच्या फेरीला एका बाईनं दिला, म्हणाले. पेन्सिलीनं लिहिलेल्या नऊ ओळी होत्या. मी त्याच्या सात प्रती काढल्या. रविवारी बाकड्यावर वाचल्या, दोनदा. कवी समोर नव्हता, त्यामुळं गप्प बसवायचा प्रश्न नव्हता. ज्याला जिथं अडायला झालं ते त्यानं आपल्या प्रतीच्या पाठीमागं लिहिलं आणि सोमवारच्या गाडीनं सगळे कागद परत गेले.

तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी कागद येतो. कंडक्टरसाहेब निवृत्त झाले, आता त्यांच्या जागेवरचा पोरगा आणतो. तो स्वतः लिहीत नाही, पण घडी उघडून वाचतो असा मला संशय आहे. गेल्या खेपेच्या कागदावर खाली ताईंनीच एक प्रश्न लिहून पाठवला होता: 'चौथ्या ओळीतला तो म्हणजे कोण, हे कळतं का?'

आम्ही सात जणांनी ती ओळ पुनःपुन्हा वाचली. कळत नव्हतं. तसं लिहून पाठवलं.